मंत्र्यांना उत्तर द्यावेच लागेल असा प्रश्न

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, पीकविम्याचे पैसे अडकले आहेत, शाळेत गणिताला शिक्षक नाही. अशी गाऱ्हाणी घेऊन लोक आमदारांकडे जातात तेव्हा बहुतेकांची मागणी एकच असते : ‘साहेब, एक फोन लावा.’ फोन लागतो, पलीकडून ‘बघतो’ असे उत्तर येते आणि माणूस समाधानाने घरी जातो. त्या फोनची नोंद मात्र कुठेच राहत नाही. पुढे अधिकारी बदलतो आणि गाऱ्हाणे पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

याच आमदारांच्या हाती फोनपेक्षा कितीतरी मोठा अधिकार आहे. विधानसभेत किंवा विधान परिषदेत सूचना देऊन ते मंत्र्यांना प्रश्न विचारू शकतात. प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातून जिल्ह्यापर्यंत विचारणा होते, खालच्या अधिकाऱ्याला लेखी माहिती द्यावी लागते, मंत्र्यांच्या नावाने उत्तर तयार होते आणि ते छापले जाऊन कायमचे नोंदीत राहते. या वाटेचा उपयोग करून घेणारे नागरिक फार थोडे आहेत, कारण ती कशी चालते हे कुणी सांगत नाही. आपला विषय सभागृहापर्यंत नेऊ पाहणाऱ्या ग्रामस्थ, शिक्षक, पालक, शेतकरी आणि कार्यकर्त्यांसाठी हा लेख आहे. माझे सांगणे थोडक्यात असे : चांगल्या प्रश्नाचा अर्धा भाग सभागृहाबाहेर, तुमच्या कागदपत्रांत तयार होतो आणि त्याचे फळ उत्तर आल्यानंतरच्या पाठपुराव्यात मिळते.

या अधिकाराचे बळ

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ नुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. केंद्रात हीच जबाबदारी अनुच्छेद ७५ नुसार लोकसभेशी असते. प्रश्नोत्तराचा तास ही त्या जबाबदारीची रोजची तपासणी आहे. हा अधिकार आपल्याकडे एका दिवसात आलेला नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नसे. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाचा हक्क दिला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर तो इतर सदस्यांनाही मिळाला. राज्यकर्त्यांना उत्तर द्यायला भाग पाडण्याची ही साखळी आज प्रत्येक आमदार-खासदाराच्या हाती आहे.

एक नेटका प्रश्न काय करू शकतो याचे सर्वांत ठळक उदाहरण १९५७ सालचे आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. लोकसभेत त्याविषयी प्रश्न आला तेव्हा पहिल्या उत्तरातून फारसे काही हाती लागले नाही. पण विषय सोडून दिला गेला नाही. डिसेंबरमध्ये फिरोज गांधी यांनी तारखा आणि आकडे मांडून सरकारला कोंडीत पकडले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमावा लागला, त्याची सुनावणी मुंबईत उघडपणे झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे होते, शिवाय पंतप्रधानांचे जावई होते. यातून नागरिकाने दोन गोष्टी घ्याव्यात. सत्ताधारी सदस्यही कठोर प्रश्न विचारू शकतो, आणि पहिले उत्तर गुळमुळीत आले म्हणून विषय संपत नाही.

आधी दार ओळखा

तुमचा विषय राज्याचा, केंद्राचा की स्थानिक संस्थेचा, हे सर्वांत आधी ठरवा. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, पाटबंधारे हे राज्याचे विषय. रेल्वे, टपाल, दूरसंचार, राष्ट्रीय महामार्ग हे केंद्राचे, म्हणून तिथे खासदारांकडे जावे लागेल. गल्लीतला दिवा किंवा गटार हा महापालिकेच्या सर्वसाधारण सभेचा विषय आहे. तो विधिमंडळात न्यायचा असेल तर त्यात नगरविकास विभागाची जबाबदारी कुठे येते, हे दाखवावे लागते. त्या मंत्र्यांच्या अखत्यारीत न येणारा प्रश्न स्वीकारलाच जात नाही.

त्यानंतर सदस्य निवडा. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. परिषदेत पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून प्रत्येकी सात, स्थानिक स्वराज्य संस्थांतून बावीस, विधानसभा सदस्यांकडून निवडलेले तीस आणि राज्यपालांनी नियुक्त केलेले बारा सदस्य असतात. म्हणजे तुमच्या मतदारसंघाचे आमदार हा एकच दरवाजा नाही. शाळेचा प्रश्न शिक्षक आमदारांकडे नेता येतो, भरतीचा प्रश्न पदवीधर आमदारांकडे. तुमचे आमदार स्वतः मंत्री असतील तर ते सभागृहात उत्तर देण्याच्या बाजूला बसतात, प्रश्न विचारत नाहीत. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघातील किंवा परिषदेतील सदस्याकडे जाण्यात संकोच नको. एकाच प्रश्नावर अनेक सदस्यांची नावे येऊ शकतात आणि महाराष्ट्रात तशी पद्धतही आहे. वेगवेगळ्या पक्षांच्या सदस्यांची नावे एकत्र आली तर विषय पक्षाचा न राहता लोकांचा ठरतो.

कोणते आयुध, कशासाठी

वर्तमानपत्रांत ज्यांना ‘संसदीय आयुधे’ म्हणतात त्यांतले नेमके कोणते हवे, हे सदस्यांशी बोलण्याआधी आपल्यालाही माहीत असावे.

तारांकित प्रश्न : याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. धोरण, दिरंगाई, गैरव्यवहाराची चौकशी यांसाठी हे उत्तम. मात्र यादीतले सगळे प्रश्न तासाभरात पुकारले जात नाहीत. जे राहतात त्यांची लेखी उत्तरे मिळतात.

अतारांकित प्रश्न : उत्तर फक्त लेखी. आकडे, तारखा, तालुकानिहाय तक्ता हवा असेल तर हाच मार्ग अधिक उपयोगी. याला प्रसिद्धी कमी मिळते म्हणून लोक तो कमी लेखतात, पण पुढच्या लढ्याचा पाया बहुधा अतारांकित उत्तरातच मिळतो.

अल्पसूचना प्रश्न : तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर नेहमीपेक्षा कमी मुदतीत विचारलेला प्रश्न.

लक्षवेधी सूचना : विधानसभेत नियम १०५ अन्वये दिली जाते. ताज्या, तातडीच्या घटनेवर मंत्री निवेदन करतात आणि सदस्य त्यावर प्रश्न विचारतात. पूल कोसळला, वसतिगृहात मुलांना विषबाधा झाली, अशा वेळी हेच आयुध योग्य. ‘चौकशी करू’, ‘निलंबित करू’ अशी ठोस आश्वासने लक्षवेधीच्या चर्चेत पुष्कळदा मिळतात.

अर्धा तास चर्चा : आधीच्या प्रश्नाचे उत्तर अपुरे वाटले तर त्यातूनच निघणारी चर्चा.

औचित्याचा मुद्दा : यातून विषय सभागृहाच्या कानावर जातो, पण मंत्र्यांनी तिथेच उत्तर द्यावे असे बंधन नसते. म्हणून फक्त यावर समाधान मानू नका.

अर्थसंकल्पी अधिवेशनात विभागांच्या मागण्यांवर कपात सूचना देता येतात. निधी मंजूर होऊनही खर्च न होणे, हा त्यासाठी नेमका विषय.

संसदेत रचना साधारण अशीच आहे. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ ला सुरू होतो, राज्यसभेचा २०१४ पासून दुपारी १२ ला. गोव्यात ४० सदस्यांची विधानसभा असल्याने तिथे नागरिक आणि सदस्य यांच्यातले अंतर कमी असते. पुढे सांगितलेली तयारी तिथेही तशीच लागू पडते.

कागद आधी, कैफियत नंतर

आमदारांकडे जाण्याआधी हातात चार प्रकारचे कागद असावेत. पहिला, मूळ नियम किंवा शासन निर्णय : कोणत्या योजनेनुसार काय मिळायला हवे होते? शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. दुसरा, प्रत्यक्ष स्थितीचा पुरावा : तारीख दिसणारे फोटो, हजेरीची नोंद, पंचनाम्याची प्रत, मोजमापवहीची प्रत. तिसरा, तुम्ही आजवर केलेला पत्रव्यवहार आणि त्याच्या पोचपावत्या. चौथा, याच विषयावर पूर्वी विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे. संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय, सदस्य आणि विषय यांनुसार जुनी प्रश्नोत्तरे शोधता येतात. विधिमंडळाच्या संकेतस्थळावरही कामकाजाची माहिती मिळते. एखाद्या विषयावर नुकतेच उत्तर दिले गेले असेल तर तोच प्रश्न पुन्हा स्वीकारला जात नाही. पण ‘त्या उत्तरात दिलेले काम पूर्ण झाले काय’ असा पुढचा प्रश्न विचारता येतो, आणि तो पहिल्यापेक्षा धारदार असतो.

हातात कागद नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, हे महाराष्ट्रातले नियम ध्यानात ठेवा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, म्हणून अधिवेशनाच्या किमान दोन-तीन महिने आधी अर्ज जायला हवा. वेळेत उत्तर नाही आले तरी अर्जाची पोच हाही पुरावाच असतो.

इथे एक काळजी घ्या. ऐकीव आकडे, समाजमाध्यमांवर फिरणारे मजकूर, ‘सगळ्यांना माहीत आहे’ अशी विधाने प्रश्नात घातली तर त्यांतली एक चूक अख्खा प्रश्न बुडवते. सूचनेतील मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी सदस्यावर असते. तुमच्या घाईमुळे ते सभागृहात तोंडघशी पडले तर पुढच्या वेळी तुमचा कागद वाचला जाणार नाही.

मसुदा : ‘हे खरे आहे काय’ची कसोटी

महाराष्ट्र विधिमंडळातील प्रश्नाची एक ठरलेली घडण आहे. आधी ‘पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’, मग पोटभाग : ‘…हे खरे आहे काय’, ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय’, ‘चौकशीत काय आढळून आले व कोणती कारवाई केली’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. ही घडण नीट समजून घेतली तर प्रश्न कुठे फसतो हे कळते.

समजा, तुमच्या भागातील आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही. चिडलेला माणूस असे लिहितो : ‘तालुक्यातील आरोग्य यंत्रणा पूर्णपणे कोलमडली असून शासन त्याकडे डोळेझाक करीत आहे, हे खरे आहे काय?’ याचे उत्तर तीन शब्दांत येईल : ‘हे खरे नाही.’ आणि पुढच्या सगळ्या पोटभागांसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे छापले जाईल. विभाग खोटे बोलला असेही म्हणता येणार नाही, कारण ‘कोलमडली’ हे तुमचे मत होते. शिवाय मत, आरोप, उपरोध आणि युक्तिवाद असलेले प्रश्न नियमातच बसत नाहीत.

आता हाच विषय असा मांडून पाहा :

(१) अमुक तालुक्यातील अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मंजूर पदांपैकी एक पद अमुक तारखेपासून रिक्त आहे, हे खरे आहे काय;

(२) जिल्ह्यातील सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर, भरलेली व रिक्त पदे अमुक तारखेस केंद्रनिहाय किती होती;

(३) उक्त रिक्त पद भरण्याबाबत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी कोणत्या तारखांना प्रस्ताव पाठविले व त्यावर शासनाने कोणता निर्णय घेतला;

(४) पद भरले जाईपर्यंत रात्रीच्या वेळी येणाऱ्या प्रसूतीच्या व अपघाताच्या रुग्णांसाठी कोणती पर्यायी व्यवस्था करण्यात आली आहे;

(५) हे पद कोणत्या तारखेपर्यंत भरण्यात येणार आहे, तसेच अद्याप निर्णय झाला नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?

यातला प्रत्येक भाग वेगळे काम करतो. पहिल्या भागात तपासता येण्याजोगे एकच विधान आहे, त्यामुळे ‘अंशतः खरे आहे’ म्हणून निसटायला जागा कमी. दुसरा भाग पहिल्यावर टेकलेला नाही. विभागाने पहिला भाग नाकारला तरी दुसऱ्याचे आकडे द्यावेच लागतात आणि त्या आकड्यांतच सत्य उघड होते. तिसरा भाग फाइल नेमकी कुठे अडली हे सांगतो. चौथ्यात माणसाचा जीव आहे. सभागृहात उपप्रश्न याच भागावर रंगतील. पाचवा भाग तारीख मागतो, कारण तारखेशिवाय दिलेले वचन तपासता येत नाही.

मसुदा लिहिताना हे नियम पाळा. एका प्रश्नात एकच विषय घ्या. गाव, संस्था, योजना यांची नावे अचूक लिहा. ‘अनेक’, ‘बहुतांश’, ‘गेली कित्येक वर्षे’ हे शब्द काढून आकडा किंवा तारीख घाला. अधिकाऱ्याचे नाव घेण्याऐवजी पद लिहा. न्यायालयात प्रलंबित असलेल्या बाबीचा निकाल काय लागावा, यावर प्रश्न नको. अशा प्रकरणात प्रशासकीय कारवाईच्या स्थितीपुरते विचारता येते का, हे सदस्यांच्या कार्यालयाशी बोलून ठरवा. लोकसभेत प्रश्नाची मर्यादा दीडशे शब्दांची आहे. आपणही तीच शिस्त पाळली तर मसुदा आपोआप घट्ट होतो.

आमदारांकडे जाताना

महाराष्ट्रात साधारणपणे वर्षात तीन अधिवेशने होतात : अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात आणि त्यांच्या तारखा विधानमंडळ सचिवालय सदस्यांना कळवते. लोकसभेत किमान पंधरा दिवसांची पूर्वसूचना लागते. त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर तारांकित प्रश्नाचा कागद घेऊन विधानभवनाच्या दारात उभे राहण्यात अर्थ नसतो. त्या वेळी लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा एवढेच मार्ग उरतात. सूचना देण्याची शेवटची तारीख कोणती, हे आमदारांच्या स्वीय सहायकांना आधीच विचारून ठेवा. या कामात खरा हात त्यांचाच असतो. प्रश्नांचे मसुदे तेच गोळा करतात, तेच सचिवालयात देतात.

सोबत एक पानी टिपण न्या. वर विषय, मग तीन-चार ओळींत वस्तुस्थिती, मग मसुदा प्रश्न, शेवटी जोडलेल्या कागदांची यादी आणि तुमचा संपर्क. पन्नास पानांची फाइल त्यांच्याकडे सोडून येऊ नका. पानांवर क्रमांक घाला आणि टिपणात ‘पान ७ पाहावे’ असा निर्देश करा. शंभर सह्यांचे निवेदन असेल तर तेही जोडा, पण निवेदन म्हणजे प्रश्न नव्हे, हे लक्षात असू द्या. निवेदनात मागणी असते. प्रश्नात अशी माहिती मागायची असते जी दिल्यावर मागणी टाळणे अवघड होते.

आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. प्रश्न विचारण्यासाठी कुणालाही एक रुपयाही देऊ नका आणि कुणी मध्यस्थ मागत असेल तर तिथून उठा. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात लोकसभेच्या दहा आणि राज्यसभेच्या एका सदस्याला संसदेने काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. प्रश्नाचा अधिकार लोकांच्या वतीने वापरायचा असतो. विकला गेलेला प्रश्न मूळ विषयाचीही पत घालवतो. याचप्रमाणे, प्रतिस्पर्धी कंत्राटदाराला अडकवण्यासाठी किंवा बदलीचा राग काढण्यासाठी प्रश्न तयार करू नका. तुमचा हेतू वैयक्तिक आहे असे एकदा दिसले की खऱ्या गाऱ्हाण्यावरचाही विश्वास उडतो.

उपप्रश्न तयार ठेवा

प्रश्न तारांकित यादीत वर आला तर सदस्यांना सभागृहात फार थोडा वेळ मिळतो. मंत्र्यांच्या हाती विभागाने तयार केलेली टिपणी असते. तुमच्या आमदारांच्या हाती काय असेल, हे तुमच्या तयारीवर ठरते. त्यांना दोन उपप्रश्न लिहून द्या, जास्त नको. ते असे असावेत की उत्तर ‘होय’, ‘नाही’ किंवा तारखेत यावे. ‘शासन याबाबत गंभीर आहे काय?’ या प्रश्नाला ‘शासन गंभीर आहे’ एवढेच उत्तर मिळते. ‘हे पद ३१ तारखेपूर्वी भरणार काय आणि तोपर्यंत शेजारच्या केंद्रातील डॉक्टरांची आठवड्यातून तीन दिवस प्रतिनियुक्ती करणार काय?’ असे विचारले तर मंत्र्यांना काहीतरी स्वीकारावे किंवा नाकारावे लागते. उत्तर असमाधानकारक असेल तर प्रश्न राखून ठेवावा, अशी विनंती सदस्य अध्यक्षांना करू शकतात. आमदारांना हेही आधी सांगून ठेवा. मधु लिमये, नाथ पै, मधु दंडवते यांच्यासारख्या मराठी संसदपटूंचा सभागृहात दबदबा होता, त्यामागे नियमांचा अभ्यास होता. आपण आमदारांना तेवढा अभ्यास पुरवू शकतो.

उत्तर आले, आता खरे काम

बहुतेक विषय या टप्प्यावर मरतात. बातमी छापून येते, कात्रण मंडळाच्या गटावर फिरते आणि सगळे शांत होते. असे होऊ देऊ नका. उत्तराची छापील प्रत आमदारांच्या कार्यालयातून किंवा संकेतस्थळावरून मिळवा आणि पोटभागांनुसार तपासा.

‘हे खरे नाही’ असे उत्तर असेल तर तुमच्याकडचा कागद त्याच्याशी ताडून पाहा. उत्तर वस्तुस्थितीला धरून नसल्याचा पुरावा असेल तर तो सदस्यांकडे द्या. सभागृहाची दिशाभूल झाल्याचा मुद्दा ते अध्यक्षांसमोर मांडू शकतात. हा आरोप मोठा आहे, तेव्हा पुरावा पक्का नसेल तर तो करू नये.

‘अंशतः खरे आहे’ असेल तर कोणता अंश मान्य केला ते अधोरेखित करा. ती सरकारची लेखी कबुली आहे. पुढचा अर्ज, पुढचे निवेदन, गरज पडली तर पुढची न्यायालयीन लढाई तिच्या आधारे उभी राहते.

‘माहिती घेण्यात येत आहे’ किंवा ‘कार्यवाही सुरू आहे’ असेल तर पुढच्या अधिवेशनासाठी पुढचा प्रश्न आजच लिहून ठेवा आणि मधल्या काळात माहिती अधिकारात त्या कार्यवाहीच्या कागदांची मागणी करा.

‘करण्यात येईल’ असे उत्तर असेल तर ते आश्वासन आहे. विधिमंडळाची आश्वासन समिती अशा वचनांचा मागोवा घेते. लोकसभेत ही समिती १९५३ पासून काम करते आणि तिथे आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा असते. तुमच्या विषयातील वाक्य आश्वासन म्हणून नोंदले गेले काय, हे सदस्यांमार्फत विचारून घ्या. नोंदले नसेल तर सभागृहातील तारीख आणि नेमके शब्द देऊन त्यांना समितीला पत्र लिहायला सांगा.

याशिवाय विनंती अर्ज समिती हाही एक मार्ग आहे. सार्वजनिक गाऱ्हाण्याचा अर्ज सदस्यामार्फत सभागृहापुढे येतो आणि समिती विभागाच्या सचिवांकडून खुलासा मागवू शकते. प्रश्नोत्तरात न मावणाऱ्या, वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या विषयांसाठी त्याचा विचार करा.

सभागृह गोंधळात बुडाले तर?

गोंधळामुळे प्रश्नोत्तराचा तास वाया जातो तेव्हा सर्वांत मोठे नुकसान दूरच्या गावातल्या त्या माणसाचे होते, ज्याचा प्रश्न त्या दिवशी पहिल्या पाचांत होता. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडच्या काळात संसदेच्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला गेला नाही. अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे मात्र मिळत राहिली. म्हणून महत्त्वाच्या विषयावर तारांकिताबरोबर वेगळ्या अंगाने एक अतारांकित प्रश्नही द्यायला सांगावा. तास बुडाला तरी आकडे हाती लागतात.

आपल्या प्रतिनिधींनी सभागृहात बसावे, गोंधळापेक्षा प्रश्न निवडावा, ही अपेक्षाही आपणच बोलून दाखवली पाहिजे. अधिवेशन संपल्यावर आपल्या आमदारांनी किती आणि कोणत्या विषयांवर प्रश्न विचारले, हे पाहण्याची सवय गावातल्या वाचनालयाने, महिला मंडळाने, शेतकरी गटाने लावून घ्यावी. चांगला प्रश्न विचारणाऱ्या सदस्याचे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, जाहीर अभिनंदन करावे. उद्घाटनांना हार मिळतात, प्रश्नांना मिळत नाहीत, हे बदलणे आपल्या हाती आहे.

पुढच्या अधिवेशनाची तयारी

एवढे वाचून सगळे विषय एकदम हाती घेऊ नका. एक निवडा. असा, ज्यात नियम स्पष्ट आहे, उल्लंघन दिसते आहे आणि उपाय सरकारच्या हातात आहे. तीन-चार जणांचा गट करा आणि कामे वाटून घ्या : एकाने शासन निर्णय शोधायचा, एकाने माहिती अधिकाराचा अर्ज करायचा, एकाने जुनी प्रश्नोत्तरे चाळायची, एकाने आमदारांच्या कार्यालयाशी संपर्क ठेवायचा. तारखांची वही ठेवा : अर्ज कधी दिला, सूचना कधी गेली, उत्तर कधी आले, आश्वासनाची मुदत कधी संपते. एका विषयाची ही फेरी पूर्ण झाली की गटाला वाट कळलेली असते आणि दुसरा विषय निम्म्या श्रमात होतो.

पहिल्या प्रश्नाने डॉक्टर येईलच, अशी हमी कुणी देऊ शकत नाही. पण त्या पदाबद्दल आजवर जे तोंडी आणि हवेतले होते ते मंत्र्यांच्या नावाने कागदावर येईल. त्यात आकडा असेल, तारीख असेल किंवा निदान नकार असेल. त्या कागदाच्या आधारे पुढचा प्रश्न विचारा आणि काम होईपर्यंत विचारत राहा.